तांबड्या शाईचा अधिकार

दिवाळीच्या सुमारास इतरांच्या घरी फराळाचे डबे भरू लागतात, तेव्हा माझ्या घरी त्या डब्यांबरोबर आणखी एक जिन्नस येऊन पडतो. तो म्हणजे सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या फिरत असतो, मुले अंगणात किल्ल्यासाठी माती कालवीत असतात, आणि मी ओसरीवर सतरंजी टाकून, हाती तांबड्या शाईचे पेन घेऊन, चाळीस-बेचाळीस मुलांच्या मनांची झडती घेत बसलेला असतो. झडती हा शब्द सहज लिहून गेलो. पण आता तो खोडावासा वाटत नाही. का, ते पुढे सांगेन.

बाकीचे प्रश्न तपासणे सोपे. संधी चुकीचा सोडवला, फुली मारा. समास चुकला, अर्धा गुण कापा. तेथे बरोबर काय आणि चूक काय हे मी ठरवलेले नाही. माझ्या कितीतरी आधी ते ठरून गेलेले आहे. पण निबंधापाशी आलो की हात थबकतो. येथे एका मुलाने स्वतःच्या आईविषयी, गावाविषयी, मेलेल्या बैलाविषयी काही लिहिलेले असते. ते त्याने वाईट लिहिले असेल. पण लिहिणारा तो आहे, मी नव्हे. मग त्याचा शब्द खोडून त्या जागी मी माझा शब्द बसवतो, तो कोणत्या अधिकाराने?

वाचक म्हणतील, “मास्तर, एवढ्याशा गोष्टीचा केवढा हा काथ्याकूट! चुका दाखवण्याचा पगार तुम्ही घेता. दाखवा म्हणजे झाले.” खरे आहे. कित्येक वर्षे मीही असेच समजत होतो. आणि शुद्धलेखनापुरते बोलायचे तर आजही समजतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना माझ्या मनाला कसलीही टोचणी लागत नाही. त्यातही गर्व करण्याजोगे फारसे नाही, ही गोष्ट वेगळी. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्या नियमांनी शेकडो शब्दांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार उतरवले. माझ्या आजोबांनी ज्या अनुस्वारासाठी छड्या खाल्ल्या, तोच अनुस्वार आज एखाद्या पोराने दिला तर मी त्याचा गुण कापतो. शुद्धलेखन हा रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्यासारखा करार आहे. करार पाळावा, पाळायला शिकवावे; पण त्याला सत्य समजू नये, इतकेच.

आपल्याकडे खोडण्याची रीत फार जुनी. हाताने लिहिलेल्या पोथ्यांत चूक झाली तर तीवर पिवळी हरताळ फासत आणि वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. गळलेले अक्षर घालायचे असेल तर ओळीखाली हंसपद काढीत. पोथी संपली की नकलनवीस शेवटी नम्रपणे नोंदवी की, जसे पाहिले तसे लिहिले, चूक असेल तर दोष मला देऊ नये. हे वाचताना मला पूर्वी हसू येई. वाटे, हा आपली जबाबदारी झटकतो आहे. आता वाटते, त्या बिचाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: पोथी आपली नव्हे.

मला ती ठाऊक नव्हती. कशी नव्हती, ते सांगतो.

आमचा मुलूख बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. दसरा उलटला की येथली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते; ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या भरून माणसे ऊस तोडायला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी साताऱ्याकडे, कोणी पार कर्नाटकात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार मोजले जाते. सारे महाराष्ट्रभर लोक दिवाळीसाठी घरी यायला निघतात, तेव्हा आमच्याकडचे लोक घर सोडून निघालेले असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्यांचे पट्टे पडले की परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत नावे असलेली मुले.

अशाच एका वर्षी तालुक्याच्या ठिकाणी आंतरशालेय निबंधस्पर्धा होती. विषय ‘माझी आई’. मी नववीच्या वर्गाकडून निबंध लिहून घेतले. त्यांत एका मुलीचा निबंध अर्ध्या पानाचा होता. तो मला आजही आठवतो, कारण त्याची सुरुवात अशी होती:

“माझी आई सा महिने कारखान्याला आसती. ती नसती तवा आज्जी भाकर करती. आज्जीची भाकर जाड आसती. आई आली की भाकर पातळ व्हती. सकाळी भाकर पातळ दिसली की मला कळतं, रातच्याला गाडी आली.”

मुलगी हुशार आहे, हे मला दिसले. अक्षर वळणदार होते. पण निबंध म्हणून हे स्पर्धेला पाठवायचे कसे? मी तिला जवळ बोलावले. म्हटले, “बाळ, भाव चांगला आहे. थोडे सजवू या.” आणि मी तांबडे पेन उचलले.

सजवता सजवता काय काय झाले ते ऐका. ‘तवा’ चे ‘तेव्हा’ झाले, ते योग्यच होते. मग जाड आणि पातळ भाकरी मला गावंढळ वाटली. तेथे मी ‘आईच्या हातच्या भाकरीला अमृताची गोडी असते’ असे घातले. आई सहा महिने घरी नसते, हे वाक्य निबंधाच्या सुरुवातीलाच अशुभासारखे वाटले; ते काढले. त्या जागी पहाटे उठून सडा घालणारी, मुलांना मायेने हाक मारून उठवणारी, तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावणारी आई आली. वात्सल्य, त्याग, ममता हे शब्द यथास्थित आले. आईवरच्या निबंधांत येतेच अशी एका प्रसिद्ध कवितेची ओळ शेवटी आली. अर्ध्या पानाचे अडीच पाने झाले. मुलीने ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढले.

निबंधाला दुसरे बक्षीस मिळाले.

बक्षीस-समारंभ जानेवारीत होता. तिला व्यासपीठावर निबंध वाचायला सांगितले. तिने तो छान वाचला. एकही अक्षर अडखळले नाही. रोज पहाटे हाक मारून उठवणाऱ्या आईविषयी ती वाचत होती. तिची आई त्या वेळी अडीच महिने घरी नव्हती. सभागृहात तिच्याकडची फक्त आजी आली होती, मागच्या रांगेत लुगड्याच्या पदराने तोंड झाकून बसलेली. मी पहिल्या रांगेत होतो आणि टाळ्या वाजवत होतो.

तेव्हाही माझ्या ध्यानात काही आले नाही, हे कबूल केले पाहिजे. ध्यानात आले ते पुढच्या जुलैत. मुलगी दहावीत गेली होती. मी ‘पावसाळा’ हा निबंध घातला. तिची वही उघडली. सृष्टीने हिरवा शालू परिधान केला होता. मेघराजाने नगारे वाजवले होते. बळीराजाच्या मुखावर हास्य फुलले होते. एकही चूक नव्हती. दहापैकी आठ गुण देऊन मी वही मिटली आणि पुढची घेतली. मग ती पुन्हा उघडली. त्या तीन पानांत सुधारण्याजोगे काही नव्हते आणि वाचण्याजोगेही काही नव्हते. त्या वर्षी आमच्याकडे जुलैपर्यंत पाऊसच झाला नव्हता.

हे तिला कोणी शिकवले? बाजारात तयार निबंधांची पुस्तके मिळतात, त्यांच्यावर दोष ढकलता आला असता. पण तिच्या घरी ते पुस्तक नव्हते. ते पुस्तक मी होतो.

मी असा का वागलो, याचा विचार करताना एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी अगदी उलट टोकाला होतो. मुलांच्या बोलीला हात लावायचा नाही, त्यांच्या मनाचा ओघ अडवायचा नाही, असे मी मनाशी ठरवले होते. वही कितीही चुकांनी भरलेली असो, खाली ‘छान’ लिहून मी मोकळा होई. त्या वेळचा एक विद्यार्थी काही वर्षांनी मला भेटायला आला. कुठल्याशा कचेरीत त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दिला होता. तेथल्या कारकुनाने तो शेजारच्या टेबलाला मोठ्याने वाचून दाखवला आणि दोघे पोट धरधरून हसले. मुलाने ते मला रागाने सांगितले नाही. एवढेच म्हणाला, “गुरुजी, तुमी तर वहीत ‘छान’ लिवायचे.”

ते हसणे खरे तर माझ्या वाट्याचे होते. त्याच्या वाट्याला गेले. चुका न सुधारणे ही मुलावरची माया नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. जगाच्या दारावर जी भाषा चालते ती ज्याला देऊ नये त्याला आपण दाराबाहेर ठेवतो, आणि वर त्याच्या बोलीचे कौतुक करतो. तेव्हापासून मी तांबडे पेन हाती घेतले ते असे घट्ट की, पुढे त्याने कोणाच्या आईची जागा घेतली हेही मला कळले नाही.

म्हणजे प्रश्न ‘सुधारावे की सुधारू नये’ असा नाहीच. न सुधारण्यातही अन्याय आहे आणि सुधारण्यातही. मग रेघ कोठे ओढावी?

आपल्या भाषेत याचे दोन थोर दाखले आहेत. पहिला एकनाथांचा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हातोहात उतरवली गेली, आणि उतरवणाऱ्यांनी आपापल्या परीने तीत भर घातली, फेरफार केले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. नाथ स्वतः केवढे कवी! एखादी ओवी लंगडी वाटली असती तर तिच्या जागी नवी, कदाचित अधिक गोड ओवी लिहिणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी केले नाही. उलट बजावून ठेवले की, या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी आणून ठेवल्यासारखे होईल. ज्याच्याजवळ अमृत करण्याचे सामर्थ्य होते त्याने दुसऱ्याच्या ताटात स्वतःचे घालणे ही करवंटी मानली. माझ्यासारख्याने एका मुलीच्या ताटात अमृताची गोडी म्हणून जे घातले, ते काय होते?

दुसरा दाखला बहिणाबाई चौधरींचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ ते उतरवून ठेवीत. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहीत होते. आईच्या खानदेशी बोलीवरून पुस्तकी मराठीचा हात फिरवावा असा मोह कोणालाही झाला असता, आणि तो हात फिरवणाऱ्याला लोकांनी ‘मातृभक्त’ही म्हटले असते. पण बोली जशीच्या तशी राहिली, म्हणून बहिणाबाई राहिल्या.

कोणी म्हणेल, ज्ञानेश्वर कोठे, बहिणाबाई कोठे आणि नववीतली मुलगी कोठे! मान्य. त्या मुलीचे अर्धे पान हा काही ग्रंथ नव्हे, आणि मी तिला परीक्षेसाठीही तयार करायचे होते. पण आदर लेखनाच्या उंचीवर अवलंबून असेल तर तो आदर नव्हे, हिशेब आहे. पातळ भाकरीवरून आई आली हे ओळखणारी त्या वर्गात ती एकटी होती. मी चाळीस वर्षे भाकरी खाल्ली; मला ते सुचले नसते.

माझ्या स्वतःच्या लेखनाची एक आठवण येथे सांगतो. माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित एका संपादकांकडे गेले होते. ते परत आले तेव्हा मी घाबरत घाबरत पाने उलटली. वाटले होते, पाने तांबडीलाल झालेली असतील. पण त्यांनी एकही वाक्य स्वतः लिहिले नव्हते. शिसपेन्सिलीने समासात बारीक खुणा होत्या. कोठे ‘हे दोनदा आले’, कोठे ‘हा कोण बोलतो?’ आणि नायकाच्या बापाच्या मृत्यूच्या प्रकरणात, जेथे मी दोन पाने आभाळाचे वर्णन केले होते, तेथे फक्त चार शब्द: ‘येथे तुम्ही पळालात का?’

मी त्या चार शब्दांवर आठ दिवस रागावलो. नवव्या दिवशी आभाळाची दोन पाने फाडली आणि बापाच्या उशाशी जाऊन बसलो. त्या संपादकांनी माझी शैली सुधारली असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. मी जेथून नजर काढून घेतली होती तेथे त्यांनी ती पुन्हा नेऊन ठेवली. शैली मागाहून आपोआप सुधारली. वाक्य कमजोर असते, तेव्हा बहुधा शब्द कमी पडलेले नसतात, पाहणे कमी पडलेले असते. आणि दुसऱ्याच्या वतीने पाहता येत नाही. फार तर ‘पुन्हा पाहा’ असे म्हणता येते.

हे सारे मनात घोळल्यावर मी त्या मुलीला बोलावले. विचारले, “तुझा तो पहिला कागद आहे का गं? मी सजवण्याआधीचा?” तिने दुसऱ्या दिवशी आणला. वहीच्या पुठ्ठ्यात जपून ठेवला होता.

“हे कोणी लिहिले?”

“मीच.”

“आणि बक्षीस मिळाले ते?”

ती थोडी घुटमळली. मग खाली बघत म्हणाली, “ते तुमी, गुरुजी.”

मी त्या कागदाच्या समासात शिसपेन्सिलीने तीन गोष्टी लिहिल्या. पहिली: ‘सा, तवा, व्हती हे आपण बोलतो, पुस्तकात कसे लिहितात ते पाहून तूच बदल.’ दुसरी: ‘आजीची भाकरी जाड का?’ तिसरी: ‘आई आल्याचे कळल्यावर तू काय करतेस?’ आणि कागद तिच्या हाती परत दिला.

चार दिवसांनी तिने नवा कागद आणला:

“माझी आई वर्षातले सहा महिने कारखान्याला असते. तेव्हा आजी भाकर करते. आजीला नीट दिसत नाही, म्हणून भाकर जाड होते. त्यातल्या त्यात पातळ असेल ती आजी मला वाढते आणि जाड ती स्वतः खाते. सकाळी सगळ्याच भाकरी पातळ दिसल्या की मला कळते, रात्री गाडी आली.”

‘भाकर’ तिने तशीच ठेवली होती. माझा हात नकळत पेनाकडे गेला होता, मागे घेतला. ती ‘भाकर’ चूक नव्हे. पण मला थांबवले ते दुसऱ्याच वाक्याने. पहिल्या कागदात आजीची भाकरी केवळ जाड होती. ती आईच्या भाकरीपुढे उणी ठरण्यापुरतीच तेथे आली होती. ‘का?’ असे विचारल्यावर मुलीने आजीच्या ताटाकडे पाहिले, आणि आजीवर झालेला अन्याय तिचा तिनेच दूर केला. लेख अधिक चांगला झाला आणि अधिक न्यायाचाही झाला; आणि ही दोन कामे वेगवेगळी झाली नाहीत. मी सुचवून ते वाक्य तिला कधीच देऊ शकलो नसतो. मला तिच्या घरातली ताटे ठाऊक नव्हती.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कागदावर नव्हते. मी विचारले, “हे राहिले का?”

ती म्हणाली, “राहिलं नाही गुरुजी. ते लिहायचं नाही मला.”

क्षणभर मास्तर म्हणून मला वाईट वाटले. लेखक म्हणून तर फारच. तेथेच सगळ्यांत सुंदर वाक्य दडलेले असणार, असे मन सांगत होते. थोडा आग्रह केला असता तर तिने लिहिलेही असते. मुले मास्तरांचे ऐकतात. पण मी “बरं” म्हणून कागद तिला दिला. सुरुवातीला मी झडती हा शब्द लिहिला तो याचसाठी. वही तपासताना मूल आपल्यापुढे उघडे असते आणि आपल्या हाती पेन असते. विचारण्याचा अधिकार मला आहे. उत्तर मिळालेच पाहिजे, हा अधिकार नाही.

ते नवे अर्धे पान कोठल्याही स्पर्धेला गेले नाही. तिने घरी आईला वाचून दाखवले की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. दहावीच्या परीक्षेत तिने निबंध कसा लिहिला, तेही मला कधी कळणार नाही. कदाचित तेथे तिने पुन्हा सृष्टीला हिरवा शालू नेसवला असेल आणि गुण मिळवले असतील. तसे केले असेल तर मी तिला दोष देणार नाही. परीक्षकाला कोणता निबंध आवडतो ते तिला मीच शिकवले होते, आणि असे शिकवलेले एका कागदाने पुसले जात नाही.

अलीकडे तर असे ऐकतो, पाहतोही, की यंत्राला विषय सांगितला की ते क्षणात निर्दोष निबंध लिहून देते. माझे काही सहकारी यामुळे चिंतेत आहेत. मला वाटते, निर्दोष वाक्ये हेच निबंधाचे ध्येय असेल तर आम्ही मास्तरांनी हे यंत्र फार पूर्वीच बनवून ठेवले होते. ते बाकावर बसत होते, एवढेच. तिन्हीसांजेला दिवा लावणारी आई त्याही यंत्राला लिहिता येईल. कोणती भाकरी कोणाच्या ताटात गेली, हे मात्र ज्याने पाहिले त्यालाच लिहावे लागेल.

आज लक्ष्मीपूजन. गठ्ठ्यातल्या सतरा उत्तरपत्रिका उरल्या आहेत. आतून हाक आली आहे की, आता ते बाड आवरा आणि पणत्या लावायला या. निबंधाची पाने मी मागे ठेवली आहेत. ती उद्या सकाळी, अभ्यंगस्नान आणि फराळ झाल्यावर, निवांत पाहीन. तांबडे पेन लागेलच, ऱ्हस्व-दीर्घासाठी. त्याच्याशेजारी एक शिसपेन्सिल तासून ठेवली आहे.